बिघडलेली किल्ली परत करण्याबाबत

प्रति,
मा. प्रवेश नियंत्रण अधिकारी,
चारित्र्य पडताळणी कक्ष,
शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय,
जुनी इमारत, पहिला मजला, जिन्याला लागून असलेली खोली.

विषय : प्रवेश-अर्जातील प्रश्न क्र. १९ ला अर्जदाराच्या कन्येने दिलेल्या ‘होय’ या उत्तरावरून अडवून ठेवलेला प्रवेश मोकळा करण्याबाबत. तसेच आपल्या कार्यालयाची एक किल्ली परत करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, ‘होय’चा पुरावा सादर करण्याबाबत.
२) आपले पत्र, ‘होय’ खोटे आढळल्याबाबत.
३) आपले पत्र, ‘होय’ खरे ठरल्याबाबत.
(तिन्ही पत्रांवर सही एकाच हातची आहे.)

महोदय,

अर्जदार हा चौकातला किल्लीवाला असून त्याने हा अर्ज कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकबाईंकडून टाइप करून घेतला आहे. अर्जात ‘मी, मी’ करू नये, ‘अर्जदार’ म्हणावे, म्हणजे साहेब लोक शेवटपर्यंत वाचतात, असे बाईंनी सांगितले, म्हणून तसे केले आहे. अर्जदाराचे तोंड जिथे जिथे सुटले आहे तेवढ्या ओळी गाळाव्यात असाही बाईंचा सल्ला होता. तो अर्जदाराने मानला नाही. त्यात बाईंचा दोष नाही.

१. अर्जदाराच्या कन्येचे नाव आपल्या पहिल्या यादीत, यंत्र अभियांत्रिकी शाखेत आहे. ते कुणाच्या ओळखीने आलेले नाही. अर्जदाराचे दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेली एक टपरी, किल्ली आवळून धरायचा एक शेगडा, एक कानशींचा डबा आणि मागच्या फळीवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. त्याच फळीखाली बसून कन्येने अभ्यास केला. कुलूप आतून कसे चालते हे तिला पाढ्यांच्या आधी कळले, आणि मोठेपणी ती यंत्रेच शिकणार हे घरात कुणी ठरवले नाही, ते आपोआपच ठरून गेले होते.

दुकानात एक रीत आहे, ती आधीच सांगून ठेवणे भाग आहे. किल्ली घासताना एखादी बिघडली, खाच खोल गेली, तर ती भंगारात टाकायची नाही. मूळची किल्ली, नवी किल्ली आणि बिघडलेली किल्ली, तिन्ही गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायच्या. बिघडली तरी ती कुणाच्या तरी दाराची असते, आणि हात बसलेला माणूस तिला पुन्हा दोन कानशी मारून ते दार उघडू शकतो. ही रीत अर्जदाराला त्याच्या वडिलांनी लावली व अर्जदाराने कन्येला लावली. पुढे जे जे झाले ते या रीतीपायी झाले.

२. कन्या तेरा वर्षांची असताना एके दुपारी अर्जदार दाढ काढायला गेला होता व ती एकटी दुकानात बसली होती. एक बाई धावत आली. तिच्या एकाच पायात चप्पल होती. दार ओढले गेले, लेकरू आत आहे, गॅसवर दूध ठेवलंय, असे ती रडत सांगू लागली. कुलूप उघडायला जाण्यापूर्वी शेजारची दोन माणसे साक्षीला उभी करायची, हेही कन्येला शिकवलेले होते. परंतु लेकरू आत आहे म्हटल्यावर तिला काही सुचले नाही. हत्यारांची पिशवी उचलून ती बाईच्या मागे पळाली व घटकाभरात दार उघडून दिले. आत लेकरू नव्हते. बाळ झोपलंय वाटतं, जा पोरी तू, असे म्हणून बाईने तिला वाटेला लावले.

संध्याकाळी त्या घराचे खरे मालक आले तेव्हा कपाट मोकळे झालेले होते. ती बाई आजपर्यंत सापडलेली नाही. सापडली ती कन्या, कारण तिला जाता-येता सगळ्यांनी पाहिले होते. जी सापडली तिच्यावर नोंद झाली.

मुलांच्या न्यायालयातल्या न्यायाधीशबाईंनी सर्व ऐकून घेतले व प्रकरण तिथेच मिटवले. कन्या मान खाली घालून उभी होती. तिला जवळ बोलावून बाई म्हणाल्या, “बाळ, तू कुणाचं तरी लेकरू वाचवायला धावलीस. हे कागद आम्ही कायद्याप्रमाणे नष्ट करणार आहोत. उद्या कुणी विचारलंच, तर ‘नाही’ म्हणायचा तुला हक्क आहे.” अर्जदार त्या वेळी बाकावर बसून लहान मुलासारखा रडला होता, हे लिहिण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

३. आपल्या प्रवेश-अर्जात प्रश्न क्र. १९ असा आहे : ‘आपल्याविरुद्ध कधीही, कोणत्याही वयात, कोणताही गुन्हा नोंदविला गेला होता काय? होय / नाही.’ निकाल काय लागला, हे विचारलेले नाही. का उघडलेस, असेही विचारलेले नाही. लिहायला जागा सोडलेली नाही, दोन शब्दांपैकी एकावर खूण करायची आहे.

अर्जदाराने कन्येला निक्षून सांगितले होते की ‘नाही’वर खूण कर, न्यायाधीशबाईंनी तोंडाने सांगितले आहे. कन्येने अर्ज भरून पाठवला व नंतर घरी सांगितले की ‘होय’वर खूण केली. अर्जदाराच्या पायाखालची जमीन सरकली. का, असे विचारता ती म्हणाली, “त्यांनी विचारलंय ना, बाबा? आपण गिऱ्हाइकाला बिघडलेली किल्लीसुद्धा देतो.” अर्जदार चिडला, दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही, आणि मनातून त्याला तिचा अभिमानही वाटला. कन्येची आई मात्र म्हणाली की, तुमच्या या रीतीने एक दिवस पोरीचा गळा कापला जाणार आहे. तेव्हा अर्जदार तिच्यावरच डाफरला.

४. त्यानंतर आपले पहिले पत्र आले. ‘होय’ लिहिले आहे तर त्या प्रकरणाचे कागद आणा. अर्जदार न्यायालयाच्या अभिलेख खोलीत गेला. तिथले लिपिक मोठे उत्साही गृहस्थ आहेत. त्यांनी अर्जदाराला बसवले, पंखा लावला आणि सांगितले, “ती फाइल आम्ही केव्हाच नष्ट केली. नष्ट केल्याची नोंदही मुदतीत नष्ट केली. आमचं काम चोख असतं.” अर्जदाराने फारच गयावया केल्यावर त्यांनी शिक्क्यानिशी दाखला दिला की, या मुलीविरुद्ध कोणतेही प्रकरण या न्यायालयात असल्याचे आढळून येत नाही. तो दाखला मिळाल्याचा अर्जदाराला इतका आनंद झाला की त्याने घरी जाताना वाटेतच तो दोनदा उघडून वाचला.

५. दाखला आपल्या खिडकीवर दिला. आपले दुसरे पत्र आले की, प्रकरण आढळत नसल्याने ‘होय’ हे उत्तर खोटे आहे, व खोटी माहिती देणाऱ्या उमेदवाराचा प्रवेश रोखण्यात येतो. अर्जदार धावत आला. खिडकीवरच्या चष्मेवाल्या लिपिकांना हात जोडून म्हणाला की, साहेब, मग ‘नाही’ करून घ्या. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “खाडाखोड चालत नाही हो. आणि आता ‘नाही’ केलंत, म्हणजे आधीचं खोटं होतं हे तुम्हीच कबूल केलंत की.” ते चांगले गृहस्थ आहेत. अर्जदाराला घाम फुटलेला पाहून त्यांनी स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले. खोट्या माहितीबद्दल पोलीस ठाण्याला कळवणे नियमाने भाग असल्याचेही त्यांनी पाणी देता देताच सांगितले.

६. पोलीस ठाण्यातले हवालदारसाहेब अर्जदाराच्या जुन्या ओळखीचे. त्यांच्या ठाण्याच्या कपाटाचे कुलूप अर्जदारानेच बसवलेले आहे. त्यांनी आपले पत्र पुढे ठेवून डोके खाजवले. कॉलेजला उत्तर पाठवायचे तर उत्तरात नोंद क्रमांक लागतो. क्रमांक हवा तर नोंद हवी. जुनी नोंद तर उरलेली नाही. नोंद नाही असे कळवले तर कॉलेज पुन्हा पत्र पाठवणार. शेवटी ते म्हणाले, “एक साधी नोंद करून टाकू, म्हणजे विषय संपतो. घाबरू नका, घरचंच काम आहे.” आणि त्यांनी ‘शासकीय संस्थेस चुकीची माहिती पुरविणे’ अशी कन्येच्या नावे नोंद केली.

तेरा वर्षांची होती तेव्हा न्यायाधीशबाईंनी तिच्या बोटांचे ठसे घेऊ दिले नव्हते. आता ती सज्ञान आहे, म्हणून दहाही बोटांचे घेतले. कन्येने दुकानातल्याच फडक्याने शाई पुसली. लोखंडाचा काळा कीस रोजच हाताला लागतो, तो साबणाने जातो. त्या दिवशी मात्र ती बराच वेळ हात धूत राहिली, आणि तिची आई दाराआड उभी राहून पाहत होती.

७. यानंतर आपले तिसरे पत्र. पोलीस ठाण्याकडून नोंद क्रमांक प्राप्त झाल्याने प्रश्न क्र. १९ चे उत्तर ‘होय’ हे खरे असल्याचे निष्पन्न झाले आहे; तथापि नोंद प्रलंबित असल्याने निकाल लागेपर्यंत प्रवेश स्थगित. चष्मेवाले लिपिक तर अर्जदाराला पाहून उभेच राहिले आणि समाधानाने म्हणाले, “आता कसं कागदाला कागद जुळला!”

महोदय, या सगळ्यात अर्जदाराशी कुणीही वाईट वागलेले नाही. पंखा लावला, पाणी दिले, ओळख ठेवली. कुणी दमदाटी केली असती तर अर्जदाराला भांडता आले असते, त्याचा आवाज मोठा आहे. पण सगळे इतके मायेने वागले की पोरीच्या नावावर गुन्हा कधी चढला हे समजलेसुद्धा नाही. अर्जदाराला भीती वाटते ती याची.

८. नोंद झाल्यापासून हवालदारसाहेब दुकानावर येतात. आसपास कुठे कुलूप तुटले की येतात. स्टुलावर बसतात, चहा घेतात, फळीवरच्या किल्ल्यांकडे बघत बसतात. कन्या कुठे होती, असे एकदाच विचारतात. “सहज आलो होतो,” म्हणतात. हा ‘सहज’ शब्द ऐकला की अर्जदार हातातली कानस खाली ठेवतो. समोरच्या पेढीवाल्यांनी घासायला दिलेली किल्ली न घासताच परत मागून नेली. कारण सांगितले नाही, आणि अर्जदारानेही विचारले नाही.

आमच्या जिन्यावर निवृत्त शिक्षिका राहतात. कन्येला त्यांनीच अक्षर ओळखायला शिकवले. परवा त्यांचे दार ओढले गेले. त्या बाहेर, चावी आत. कन्या दारापाशी गेली आणि हात मागे बांधून उभी राहिली. दोन शेजाऱ्यांच्या सह्या असलेला कागद मिळाल्याशिवाय मी कुलपाला हात लावणार नाही, म्हणाली. शेजारी कामावरून येईपर्यंत बाई पायरीवर बसून राहिल्या. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या तिच्याकडे बघत होत्या. लेकरू आत आहे म्हटल्यावर पिशवी घेऊन धावणारी हीच का ती मुलगी, असा प्रश्न अर्जदाराला पडला. त्याला फार वाईट वाटले. ‘फार वाईट वाटले’ हे अर्जात शोभत नाही असे टंकलेखकबाईंचे मत आहे.

९. आता किल्लीविषयी.

गेल्या सोमवारी आपल्या कार्यालयाचा शिपाई दुकानावर आला. किल्ली एकच आहे, ती सांभाळणारे रजेवर जायचे आहेत, आणखी एक करून द्या, लवकर द्या, साहेब खोळंबलेत, असे म्हणाला. दुकान कुणाचे हे त्याला ठाऊक नव्हते. अर्जदार जेवायला गेला होता. किल्लीला पितळी बिल्ला होता व बिल्ल्यावर खोदलेले होते : ‘पडताळणी, कपाट दोन’. म्हणजे ज्या कपाटात कन्येचा ‘होय’ ठेवलेला आहे तेच कपाट.

कन्येने किल्ली पकडीत लावली. पहिली घासताना खाच खोल गेली. तिच्या हातून किल्ली बिघडल्याचे अर्जदाराला गेल्या कित्येक वर्षांत आठवत नाही. दुसरी बरोबर झाली. शिपायाने मूळची व नवी घेतली आणि स्कूटरला किक मारली. बिघडलेली तशीच राहिली. कन्या हातात ती घेऊन वळणापर्यंत मागे पळाली, पण तोवर तो निघून गेला होता.

ती किल्ली घेऊन ती दुसऱ्याच दिवशी आपल्या फाटकावर आली. पडताळणी चालू असलेल्या उमेदवाराला आत सोडता येत नाही, असे पहारेकऱ्याने सांगितले. काय द्यायचे ते अर्जासोबत द्या, म्हणाला. म्हणून हा अर्ज.

अर्जदार हे लपवत नाही की, किल्ली नाल्यात फेकून द्यावी असे त्याने घरी सुचवले. कन्येच्या आईनेही, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, अर्जदाराचे म्हणणे एका शब्दात मान्य केले. कारण पुढे काय होणार ते डोळ्यांसमोर दिसते आहे. उद्या त्या कपाटातला एक कागद इकडचा तिकडे झाला, किंवा उंदरानेसुद्धा कुरतडला, तर हवालदारसाहेब स्टुलावर येऊन बसणार. ही किल्ली त्या कुलपात फिरते की नाही हे अर्जदाराने पाहिलेले नाही. दुकानात बसून ते सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येते त्याच्यावर पहिला संशय येतो.

कन्येने आम्हा दोघांचे ऐकून घेतले. मग म्हणाली, “त्यांच्याच कपाटाची आहे, बाबा. द्यायला नको?” तिचा आवाज पूर्वीसारखा नव्हता. पूर्वी ती हे खात्रीने म्हणायची. आता ती खरोखर विचारत होती. अर्जदाराने ‘नको’ म्हटले असते तर तिने ऐकले असते, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. ‘नको’ हा शब्द अर्जदाराच्या जिभेच्या टोकावर आला होता. परंतु आज तो तिच्या हातून एवढी रीत सोडवील, तर तिच्यापाशी त्याचे म्हणून दुसरे काहीच राहणार नाही. त्याने ‘दे’ म्हटले, व ती किल्ली कन्येने स्वतः या पाकिटात घातली आहे.

१०. तरी नम्र विनंती की :

(अ) प्रवेशाची मुदत उद्या संपते, त्याआधी कन्येला तिची जागा द्यावी. ती जागा दुसऱ्याला गेल्यावर तिचे निर्दोषपण सिद्ध होऊन काही उपयोग नाही.

(आ) ते होत नसेल तर, ज्या ‘होय’बद्दल तिला शिक्षा चालू आहे तो ‘होय’ खोटा होता म्हणून की खरा होता म्हणून, एवढे एका ओळीत लेखी कळवावे. दोन्ही म्हणून, असे असेल तर तसे कळवावे.

(इ) प्रश्न क्र. १९ पुढच्या वर्षीही छापणार असाल, तर त्याखाली दोन ओळींची कोरी जागा सोडावी. कुणाला तरी सांगायचे असेल की आत लेकरू आहे असे तिला सांगितले होते.

(ई) किल्ली मिळाल्याची पोच आजच्या आज द्यावी. बाकी काही मिळाले नाही तरी चालवून घेऊ, परंतु ही पोच मिळाल्याशिवाय अर्जदाराला दुकान उघडता येत नाही व कन्येची आई जेवायला बसत नाही.

शेवटी एक. हे पाकीट फोडून किल्ली हातात घेतल्यावर आपल्याला दोन गोष्टी लिहिता येतील. ‘किल्ली त्यांनी परत केली’ अशी एक, आणि ‘किल्ली त्यांच्यापाशी होती’ अशी दुसरी. महोदय, दोन्ही खऱ्या आहेत. कागदाला कागद दोन्हीकडून जुळतो. आपण पहिली लिहावी, एवढ्यासाठी हा सगळा अर्ज आहे.

आपला नम्र, व उत्तर येईपर्यंत आपल्या फाटकाबाहेरच बसलेला,

(सही)
चौकातला किल्लीवाला
(उमेदवाराचा बाप)

दिनांक : प्रवेशाच्या शेवटच्या तारखेचा आदला दिवस.

सोबत :
१) आपली तीन पत्रे, आली त्या क्रमाने.
२) न्यायालयाचा दाखला, काही नसल्याचा.
३) पोलीस ठाण्याच्या नोंदीची प्रत, काही असल्याची.
४) पहिल्या यादीचे कात्रण, नावाखाली कन्येच्या आईने रेघ ओढलेली.
५) बिघडलेली किल्ली, नग एक.
६) कोरी पोच. मजकूर मुद्दाम लिहिलेला नाही. आपल्या हाताने लिहावा.